वर्की फादरांचा एकच प्रश्न

मोटरसायकल सोडली तर वर्की फादरांना बसलेलं पाहिलेला माणूस आमच्या गावात शोधून सापडत नसे. चहा ते उभ्याने पीत. जेवतानासुद्धा ताट हातात घेऊन स्वयंपाकघर ते पडवी असे फेरे घालत. त्यांच्याकडे रांधणाऱ्या बायनाबाईंचं म्हणणं असं की, या माणसाच्या पोटात गेलेला भातही एका जागी थांबत नसेल, तोही आत फिरत असेल. चर्चमध्ये मिस्सा चालवताना वेदीपुढे उभं राहावंच लागतं म्हणून ते राहत, पण झग्याखाली त्यांचा उजवा पाय सारखा हलत असे. पहिल्या बाकावरच्या बायांना तो दिसे आणि त्यांचं प्रार्थनेतलं लक्ष उडे.

आमचं गाव बल्लारपूरहून गोंडपिपरीला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आहे. ख्रिस्ती घरं चाळीसेक. काहींचे आजे कोळशाच्या खाणीत कामाला म्हणून तेलंगणातून आले आणि इथेच रुजले, काही इथलेच. बाकी गाव आम्हा बौद्धांचं आणि हिंदूंचं. फादर केरळातून आले तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते. सोबत एक पत्र्याची पेटी आणि फणसाच्या तळलेल्या कापांचा डबा. मराठी ते बायनाबाईंकडून आणि आठवडी बाजारातून शिकले, त्यामुळे बोलतात अगदी आमच्यासारखं. फक्त ज्या ‘ळ’ला आम्ही बोलताना गुंडाळून ठेवतो तो ते इतका खणखणीत काढतात की ऐकणाऱ्याला स्वतःची लाज वाटावी.

सहा वर्षांपूर्वी नागपूरला फादर आणि सिस्टर लोकांसाठी तीन दिवसांचं शिबिर झालं. मनाच्या आजारांचे एक डॉक्टर शिकवायला होते. त्यांनी सांगितलं की ज्याच्याबद्दल काळजी वाटते त्याला सरळ विचारा, मरावंसं वाटतं का. विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवं खूळ शिरत नाही, उलट आतलं बाहेर पडायला वाट मिळते. मग उपदेश करू नका, जवळ बसा, एकटं सोडू नका, डॉक्टरकडे न्या. आता आमचे फादर म्हणजे एका रोपाला पाणी घाला म्हटलं तर नाला वळवून आणणारे. ज्याच्याबद्दल काळजी वाटते त्याला, हे वाक्य त्यांनी ऐकलं, आणि काळजी त्यांना सगळ्यांचीच वाटत होती. परत आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सरसकट सुरुवात केली.

“जेवण झालं काय? धान कसा आहे? मरावंसं वाटते काय?” हे तिन्ही प्रश्न ते एका श्वासात विचारत. तलाठ्याला विचारलं. चालत्या एसटीत कंडक्टरला विचारलं. त्याने घाबरून घंटी ओढली आणि बस जंगलात थांबली. सरपंच इंदुताई अंगणात सडा टाकत होत्या.

“फादर, सकाळी सकाळी काऊन असं अभद्र विचारता?”

“सकाळी नाई विचारलं तर संध्याकाळी विचारून काय फायदा, बाई?”

मला विचारलं तेव्हा मी सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. “या घडीला तर हो,” असं मी गमतीने म्हणालो. ती गंमत मला अकरा दिवस पुरली. फादर दिवसातून तीनदा येत, पडवीत येरझाऱ्या घालत आणि खिडकीतून माझ्याकडे पाहत. पाचव्या दिवशी बायकोने मला बाजूला घेऊन विचारलं, “खरं सांगा, असं काय केलं तुमी?” त्यानंतर त्या प्रश्नाला गावात कोणी गमतीने उत्तर दिलं नाही.

आणि हसता हसता सांगायला हवं की, सहा वर्षांत चार जणांनी ‘हो’ म्हटलं. त्यातली एक ज्योत्स्ना. बाळंतपणाला दोन महिने झालेले, घरात सगळे पेढे खात होते आणि ही कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून. दवाखाना चालवणाऱ्या रिना सिस्टर तिला चंद्रपूरच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. आज ज्योत्स्ना शिवणकाम करते आणि झग्याची शिलाई उसवली म्हणून फादरांना रस्त्यात अडवून रागावते. त्या चौघांपैकी चौघंही आज आपापल्या घरी आहेत.

पण चाळीस घरांत एक घर असं होतं जिथे फादर कधी विचारायला गेले नाहीत. इन्नय्या मिस्तरीचं.

इन्नय्या सुतार. बल्लारपूरच्या लाकूड डेपोत त्याची हयात गेली. सागवानावर नुसता तळहात फिरवून तो झाड जंगलाच्या कोणत्या बाजूचं आहे ते सांगे, आणि त्याला खोटं पाडायची कोणाची टाप नव्हती. गावातल्या ख्रिस्ती माणसांच्या शवपेट्याही तोच करी, त्यामुळे म्हातारी माणसं त्याच्याशी जपून बोलत. मापात उगाच कसर नको. त्याचा मुलगा रोशन, एकुलता एक. एकोणीस वर्षांचा, बल्लारपूरला आयटीआयला जायचा. वर्की फादर गावात येऊन दोनच महिने झाले होते, तेव्हा रोशनने स्वतःचा जीव दिला. का, ते कोणाला कळलं नाही. ज्यांना कळलं होतं त्यांची कारणं रोज बदलत होती.

चर्चच्या पंचायतीतले जुने लोक फादरांकडे गेले. रायप्पा त्यांचा पुढारी. म्हणाला, “अशा माणसाले आतमंदी जागा नसते.” आमच्याकडचं कबरस्थान दगडी भिंतीचं आहे. भिंतीच्या मागे, नाल्याच्या अंगाला थोडी मोकळी जागा, तिथे पळसाचं रान. फादरांनी मान हलवली. त्यांच्या गावी त्यांचे थोरले काका धर्मगुरू होते, त्यांनीही असंच केलेलं फादरांनी लहानपणी पाहिलं होतं. नियमांचं पुस्तक फळीवर होतं. ते खाली काढायला हात गेला नाही. मिस्सा झाली नाही, मिरवणूक निघाली नाही. इन्नय्याने दुपारभर बसून पेटी केली, चार जणांनी ती भिंतीला वळसा घालून मागे नेली, आणि फादरांनी भिंतीच्या आत उभं राहून एक छोटी प्रार्थना म्हटली.

पुस्तक त्यांनी उघडलं ते आठव्या दिवशी. त्यात ती मनाई नव्हती. रायप्पाला माहीत नसलं तरी ती त्याच्याही वीस वर्षं आधीच काढून टाकलेली होती. उलट लिहिलं होतं ते असं की अशा माणसाच्या मनावर काय ओझं होतं ते देवच जाणतो, आणि चर्चने त्याच्यासाठी प्रार्थना करावी. हे फादरांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. तेव्हाच उठून इन्नय्याच्या घरी जायचं, तर ते म्हणाले उद्या जाऊ. मग परवा. आणि त्या दिवसापासून जे चालायला लागले ते चालतच राहिले. सगळ्या घरी जायचे, त्या एका घरावरून पुढे.

दोन नोव्हेंबरला मृतांचा दिवस असतो. सगळी घरं कबरी साफ करतात, झेंडू वाहतात, मेणबत्त्या लावतात, आणि फादर एकेका कबरीवर पवित्र पाणी शिंपडत जातात. मागच्या भिंतीशी आले की त्यांचा हात असा काही सुटे की फास्ट बोलरने पाहून घ्यावं. पाण्याचे थेंब भिंतीवरून पलीकडे जायचे. दरवर्षी. लोकांना वाटे, फादरांचा जोर. भिंतीपलीकडे इन्नय्या उभा असायचा, डोक्यावरचे थेंब पुसायचा. त्याची बायको मरियम्मा आतल्या बाजूने मुलाकडे फुलं फेकायची. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती वारली. तिला आत जागा मिळाली, आणि शेजारची जागा इन्नय्यासाठी राखली.

गेल्या ऑक्टोबरात, धान कापणीला आला असताना, इन्नय्या माझ्याकडे आला. काखेत तेलकट फडक्यात गुंडाळलेला रंधा.

“ठेवा, मास्तर. शाळेत पोट्ट्यांले दाखवा, जुन्या काळचा आहे म्हणून.”

या माणसाने सख्ख्या साळ्याला कधी खिळा उसना दिला नव्हता. मी मूर्ख, खूश झालो. रंधा शोकेसमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी फादर चहाला आले, म्हणजे चहा घेऊन फिरायला आले, तेव्हा मी बातमी सांगावी तशी सांगितली. “मिस्तरी दानशूर झाला, फादर. देवरावले करवत देल्ली म्हणते, सुनिलले पटाश्या.”

फादरांनी पेला खाली ठेवला. अर्धा भरलेला. “आणि?”

“आणि मले रंधा.”

“गाडीवर बसा, मास्तर.”

“काऊन?”

“सुतार हत्यारं वाटून टाकते तर त्याले उद्याचं काम दिसत नाई. बसा!”

मग जे झालं ते मी आता हसत सांगतो. फादर भरधाव इन्नय्याच्या दारापर्यंत गेले आणि तसेच पुढे गेले. शाळेला वळसा घालून परत आले, पुन्हा दारावरून पुढे. तिसऱ्यांदा कोंबड्यांनीसुद्धा रस्ता सोडायचं बंद केलं. चौथ्या फेरीला मी त्यांचा खांदा धरला. “फादर, थांबा. तुमाले जमत नसन तर मी विचारतो.”

“नाई,” ते म्हणाले, आणि ब्रेक दाबला.

इन्नय्या अंगण झाडत होता. इतकं स्वच्छ अंगण मी दिवाळीलाही पाहिलं नव्हतं. लाकडाचा भुगासुद्धा कुठे नव्हता. त्याने मान वर केली.

“या, फादर. वीस वर्षांनी रस्ता चुकले काय?”

फादर उभे. पाय हलतोय. “धान कसा आहे यंदा?”

“मी सुतार आहो. मले काय माहीत धान.”

“हो. नाई, म्हणजे पाऊस...”

इन्नय्याने झाडू भिंतीला टेकवला. “फादर, तुमी साऱ्या गावाले एक गोष्ट विचारत फिरता म्हणे. कंडक्टरले विचारली. मास्तरले तर अकरा दिवस विचारली. मलेच काऊन नाई?”

फादरांचा आवाज फार हळू निघाला. “मिस्तरीभाऊ, मरावंसं वाटते काय?”

“वाटते.”

आणि वर्की फादर बसले. बाजूला खाट होती, तिकडे न पाहता मटकन जमिनीवर, पांढऱ्या झग्यासकट. पाय हलायचा थांबला. मीही बसलो. इन्नय्या आम्हा दोघांकडे बघत राहिला आणि शेवटी तोही बसला, कारण अंगणात एकट्यानेच उभं राहणं त्याला बरं दिसेना.

वीस वर्षं ज्यांच्या जिभेला विश्रांती नव्हती ते गप्प. बोलला इन्नय्याच, तुकड्यातुकड्याने. मरियम्मा गेल्यापासून झोप नाही. जेवण गोड लागत नाही. “आणि एक हिशेब आहे, फादर. बुडीची जागा आतमंदी आहे. तिच्या बाजूले माही. पोरगा बाहीर, एकटा. माय गेली आतमंदी, बाप बी जाईन आतमंदी. मग त्याच्यापाशी कोण? त्या जागेवर जायाले एकच रस्ता आहे. तो गेला तोच. म्हणून म्हटलं, यंदाच्या दोन तारखेच्या आत...”

चांगला सरळ माणूस. आयुष्यभर काटकोनात काम केलेला. भिंतीबाहेर कोणाला पुरतात ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि मुलाजवळ जायला दुसरं दार त्याला दिसलंच नव्हतं. मला रडू फुटलं. फादरांना फुटलं नाही.

“मिस्तरीभाऊ, तो नियम नव्हता,” ते म्हणाले. “तेव्हाच नव्हता. मी पुस्तक उघडलं नाई. आठ दिवसांनी उघडलं, आणि तुमाले सांगितलं नाई. चूक माही आहे. रोशनची नाई, तुमची नाई. माही.”

इन्नय्या उठला, झाडू उचलला आणि फेकून मारला. तो फादरांच्या खांद्याला लागून माझ्या मांडीवर पडला.

“वीस वर्षं! वीस वर्षं, फादर! त्याची माय भितीवरून फुलं फेके! अर्धे भितीवरच अडकून राहेत! तुमी पाहेत होते!”

“पाहत होतो.”

“आणि पाणी फेकत होते!”

“दुसरं काही करायची हिंमत नव्हती.”

“तो नरकात आहे काय?”

“कोण म्हणते? चर्च एकाही माणसाचं नाव घेऊन तसं म्हणत नाई. रोज मिस्सेत मी त्याचं नाव घेतो. एक दिवस चुकलो नाई.”

“मले कधी ऐकू नाई आलं.”

“मनात घेतो.”

“मोठ्यानं काऊन नाई?”

“लाज वाटते,” फादर म्हणाले.

इन्नय्या धापा टाकत होता. पण गेल्या सहा महिन्यांत त्याच्या चेहऱ्यावर एवढा रंग मी पाहिला नव्हता. फादर म्हणाले, मागच्या भिंतीला एक दार करू, सागवानाचं, तुमच्या हाताचं. इन्नय्याने ते हातानेच उडवून लावलं.

“दार केलं म्हणजे तो बाहीरचाच झाला. पाहुणा. भीत पाडा.”

त्या दिवसापासून इन्नय्याला एकटं ठेवलं नाही. रिना सिस्टर दुसऱ्या सकाळीच त्याला चंद्रपूरला घेऊन गेल्या. डॉक्टरांनी औषध दिलं, दर महिन्याला यायला सांगितलं. मुक्काम फादरांच्या घरी. बायनाबाईंच्या वरणात मीठ कमी असतं ही तक्रार वीस वर्षांत प्रथमच कोणीतरी उघडपणे केली, आणि स्वयंपाकघरात जे युद्ध पेटलं त्याने दोघांचीही तब्येत सुधारली.

रविवारी मिस्सेनंतर फादरांनी सगळ्यांना थांबवलं आणि जे इन्नय्याला सांगितलं तेच सगळ्यांपुढे सांगितलं. एक शब्द कमी नाही. बिशपांना पत्र गेलं होतं, पाडायला हरकत नाही असं उत्तर आलं होतं. तरी कुजबुज झालीच. आज एकाला आत घेतलं तर उद्या लोकांची भीड मोडेल, असं एक जण म्हणाला. फादर त्याच्याकडे वळले. “भिंतीनं आजवर कोणाले थांबवलं? एकाचं नाव सांग. उलट ही भीत एकाले बोलावत होती.” रायप्पा आता चौऱ्याऐंशीचा. तो काठीवर हनुवटी टेकून बसला होता. सगळे त्याच्याकडे पाहू लागले.

“मग मी वीस वर्षं कोणाले बाहीर ठेवलं?” एवढंच तो म्हणाला. भिंत पाडायला सगळ्यात आधी तोच येऊन उभा राहिला. दोन दगड उचलले, तिसऱ्याला नातवांनी खाली बसवला.

जुनी भिंत पडली, पण नवी पळसापलीकडून उभी राहायची होती. तेवढ्यात दोन तारीख आली. त्यामुळे त्या वर्षी कबरस्थान एका बाजूने उघडंच होतं आणि मिरवणुकीत दोन गाई आणि एक गोऱ्हा सामील झाले. इन्नय्याने रोशनसाठी सागवानाचा क्रूस करायला घेतला होता, त्यासाठी तो आधी घरोघर फिरून हत्यारं परत मागत होता. देवरावने करवतीने लोखंडी पाइप कापून पाहिला होता. ते दात बघून इन्नय्या त्याला जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. माझा रंधा मी निमूटपणे शोकेसमधून काढून दिला. “धूळ बसली,” तो म्हणाला, जणू मी त्याचं मूल उपाशी ठेवलं होतं.

फादर रोशनच्या कबरीपाशी आले. पाणी फार हळू शिंपडलं, आणि नाव घेतलं. मोठ्याने. पलीकडच्या शेतात कापणी करणाऱ्या बायांनी माना वर केल्या.

मग तिथेच त्यांनी इन्नय्याला सांगितलं की मला माझी जागा इथेच हवी, रोशनच्या शेजारी. तसं मी बिशपांना लिहिलंय.

“शेजारी मी,” इन्नय्या म्हणाला. “दुसऱ्या अंगाले नाला आहे.”

“मग?”

इन्नय्याने टेप काढला, जमीन मोजली. “पायथ्याशी बसते तुमची पेटी. चालत असन तर सांगा.”

“चालते,” फादर म्हणाले.

आता सगळं गोड झालं असं कोणी समजू नये. इन्नय्याचे दिवस अजून चढउताराचे आहेत. काही सकाळी तो उठतच नाही. तेव्हा काय करायचं ते दोघांनी ठरवून ठेवलंय. इन्नय्याने कुठेही, कधीही येऊन ‘आज वाईट आहे’ म्हणायचं. बस्स.

मागच्या वैशाखात माझ्या लेकीच्या, संघप्रियाच्या मैत्रिणीचं, म्हणजे रायप्पाच्या नातीचं लग्न होतं. चर्च भरलेलं, बँडवाले बाहेर उन्हात. वर-वधू वेदीपुढे, फादरांचा उपदेश ऐन रंगात. इन्नय्या मागच्या दारातून आला आणि सरळ मधल्या वाटेने चालत पुढे गेला. फादरांजवळ वाकून काहीतरी म्हणाला. फादरांनी वाक्य तिथेच सोडलं. नवऱ्यामुलाला म्हणाले, “तुमी दोघं इथीच थांबा, पळू नका.” आणि इन्नय्यासोबत बाजूच्या खोलीत जाऊन बसले.

पाऊण तास. बँडवाल्यांनी चहा मागवला. नवरीची मेंदी घामाने ओली झाली. गडचिरोलीहून आलेला नवऱ्याचा मामा तापला. “हे काय लग्न आहे? कोण हा बुढा?”

रायप्पा पहिल्या बाकावर होता. मागे न वळताच म्हणाला, “बसा, पाहुणे. काम चालू आहे.”

दार उघडलं तेव्हा दोघांचेही डोळे लाल होते. फादर वेदीकडे गेले आणि अर्धं सोडलेलं वाक्य नेमकं तिथून पुढे सुरू केलं, जणू मध्ये फक्त खोकला आला होता. इन्नय्या माझ्या शेजारी येऊन बसला. मग माझ्या कानाशी लागून म्हणाला, “मास्तर, खिडकीतून तो मांडव पाहा. तीन बांबू तिरपे आहेत. जेवण झाल्यावर कोणाच्या डोक्यावर पडण्याआधी सरळ करा लागन. तुमी चढाल काय?”

मी चढलो. तो खालून ओरडत होता.